पाठीचा वरचा भाग दुखतो तेव्हा

‘आता वय झाले, पाठ दुखायचीच’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यामागे एखादे कारण असू शकेल आणि त्या कारणावर उपायही असू शकेल, असा विचारच बाजूला पडतो. मान आणि कंबर यांच्या दुखण्याला घरात थोडाफार मान तरी मिळतो; मात्र खांद्यांच्या दोन पात्यांच्या मध्ये किंवा त्याच्या किंचित खाली होणारी वेदना बाम चोळून, शेकून आणि ‘वात आहे’ असे म्हणून सोडून दिली जाते. बहुतेक वेळा ती खरोखरच साधी असते. परंतु साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसात ती कधीकधी ठिसूळ झालेल्या हाडाची पहिली तक्रार असते, तर क्वचित पाठीशी काहीही संबंध नसलेल्या अवयवाची हाक असते. या तीन प्रकारांतला फरक ओळखता यावा, आणि साध्या दुखण्यावर घरच्या घरी काय करावे व काय मुळीच करू नये हे स्पष्ट व्हावे, यासाठी आजचा लेख.

हा भाग वेगळा कसा?

मानेचे सात मणके आणि कमरेचे पाच मणके यांच्या मध्ये छातीच्या मागे बारा मणके असतात. त्या प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे हा भाग पिंजऱ्यासारखा बांधलेला आणि त्या मानाने स्थिर असतो. मान सगळीकडे वळते, कंबर वाकते. पाठीचा वरचा भाग मात्र फारसा हलत नाही. म्हणूनच मानेत आणि कमरेत आढळणारे गादी सरकण्याचे विकार येथे बरेच कमी आढळतात. येथे दुखतात ते प्रामुख्याने स्नायू, बरगडी जेथे मणक्याला मिळते ते लहान सांधे, आणि उतारवयात खुद्द मणक्यांची हाडे.

डोके पुढे झुकलेले आणि खांदे गोल झालेले असले, की त्याचा भार पाठीच्या वरच्या स्नायूंना अखंड पेलावा लागतो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तासभर वाचणे, विळीवर वाकून भाजी चिरणे, मांडीवर मोबाइल ठेवून पाहणे, पाटावर बसून दीर्घकाळ पूजा किंवा पारायण करणे, या सर्वांत पाठीची ठेवण एकच असते. अशा ताणाचे दुखणे पसरट व बोथट असते, दिवस मावळताना वाढते, स्थिती बदलली किंवा शेक दिला की उतरते, आणि बोटाने दाबल्यास एखाद्या ठिकाणी गाठीसारखा ताठर भाग हाताला लागतो. काही दिवसांत ते ओसरू लागते.

हाडाचे दुखणे कसे ओळखावे?

हाडांची ठिसूळता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, स्वतः दुखत नाही. तिचा पत्ता लागतो तो हाड मोडल्यावर. मणक्याचे हाड मोडते म्हणजे तुकडे होतात असे नव्हे. ते दबते, पुढच्या बाजूने पाचरीसारखे चेपले जाते. यासाठी पडावेच लागते असे नाही. पाण्याची बादली उचलणे, घट्ट बसलेली खिडकी ढकलणे, गादी उचलून उन्हात टाकणे, जोरात शिंकणे किंवा एसटीच्या मागच्या बाकावर बसलेले असताना गाडी गतिरोधकावरून आदळणे, एवढेही पुरेसे होते. अशी वेदना अचानक सुरू होते, पाठीच्या मध्यरेषेवर असते, उभे राहिल्यावर व चालताना वाढते आणि आडवे झाल्यावर बरीच कमी होते. कधी ती बरगडीच्या कडेने पट्ट्यासारखी पुढे येते.

परंतु कित्येक मणके असा आवाज न करताच चेपतात. वैद्यकीय अभ्यासांतून असे दिसते, की दबलेल्या मणक्यांपैकी केवळ एक तृतीयांशच्या आसपास डॉक्टरांच्या नजरेस येतात. बाकीचे ‘वयाचे दुखणे’ म्हणून निघून जातात. यात खरा धोका पुढचा आहे. ज्या स्त्रीचा एक मणका नुकताच दबला आहे, तिचा पुढील वर्षभरात आणखी एखादा मणका दबण्याची शक्यता पाचात एक इतकी असते. एकामागून एक मणके चेपले की पाठीला पोक येते, छातीचा पिंजरा पोटावर बसतो, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, श्वास अपुरा पडतो आणि तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. आजीचे पोक हे वयाचे भूषण नव्हे. बऱ्याचदा ते न ओळखलेल्या अस्थिभंगांचे फलित असते.

घरी करता येतील अशा तीन तपासण्या सोप्या आहेत. पहिली, उंची मोजणे. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घट झाली असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. दुसरी, टाचा व पाठ भिंतीला टेकवून समोर पाहत उभे राहणे. डोक्याचा मागचा भाग भिंतीला सहज टेकत नसेल, तर पाठीचा बाक वाढला आहे. तिसरी, उभे असताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधली जागा कुशीवर बोटांनी मोजणे. दोन बोटेच किंवा त्याहून कमी जागा उरली असेल, तर ती खूण दुर्लक्षू नये.

पाठीत जाणवते, पण पाठीचे नव्हे

काही वेळा वेदना पाठीत जाणवते आणि तिचे मूळ दुसरीकडेच असते. पुढील लक्षणे वृद्धांच्या सोबत राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावीत.

खांद्यांच्या पात्यांमध्ये दाबल्यासारखी वेदना, सोबत घाम, धाप, मळमळ, विलक्षण थकवा किंवा जबड्यात वा हातात जडपणा असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत ठसठशीत कळ न येताही झटका येतो, हे ध्यानात ठेवावे. काहीतरी आत फाटत असल्यासारखी अचानक व भयंकर वेदना पाठीत उमटली, तर मोठ्या रोहिणीचे अस्तर फाटल्याची शंका घ्यावी लागते. दोन्ही प्रसंगी बाम, शेक किंवा ‘गॅस असेल’ या समजुतीत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाठीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग, टोचणी किंवा कपड्याचा स्पर्शही नकोसा वाटणे, आणि दोन-चार दिवसांनी तेथेच पाण्याचे फोड येणे, ही नागीण होय. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, हा समज निराधार आहे. परंतु गेरूचा लेप लावून वाट पाहणेही चूक आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाले तर त्याचा लाभ अधिक होतो. या वयात नागीण बरी झाल्यावरही मागे राहणारी आग महिनोन्‌महिने छळू शकते, म्हणून ही घाई.

रात्री झोपेतून उठवणारी, विश्रांतीनेही न थांबणारी आणि आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारी पाठदुखी, सोबत संध्याकाळची कणकण, घटते वजन, मंदावलेली भूक, अशी लक्षणे मणक्याच्या क्षयरोगात दिसतात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली वर्णिलेला हा विकार आपल्या देशात आजही आढळतो आणि छातीच्या मागच्या मणक्यांना तो अनेकदा गाठतो. खोकला नाही म्हणून क्षय नाही, असा निष्कर्ष काढू नये. क्षयरोगाची औषधे शासकीय कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि वेळेत उपचार झाले तर रोग बरा होतो. ज्यांना पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी नव्याने सुरू झालेली पाठदुखी लगेच दाखवावी. पायांतली शक्ती कमी होणे, पाय बधिर होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे आहेत. त्यासाठी उद्यापर्यंतही थांबू नये.

साध्या दुखण्यावर घरचे उपाय

वरीलपैकी काहीही नसेल, तर पहिले काही आठवडे घरच्या उपायांना देण्यास हरकत नाही. पूर्ण अंथरूण धरणे हा उपाय नव्हे. दोन दिवस पडून राहिल्याने स्नायूंची आणि हाडांची शक्ती उतरते आणि उठताना वेदना अधिक जाणवते. झेपेल तेवढे चालत राहावे, दर अर्ध्या तासाने बैठक बदलावी.

शेक पंधरा ते वीस मिनिटे द्यावा. रबरी पिशवी पंचात गुंडाळूनच ठेवावी. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना मंदावली आहे, त्यांच्यासाठी उष्णता शेक देणाऱ्याने आधी आपल्या हातावर तपासावी. न कळत भाजल्याच्या जखमा अशाच होतात. बाम चोळून त्यावर लगेच शेक देऊ नये.

तेलाचे हलके मालीश सुखावह असते. मात्र ‘जोर लावा’ म्हणणाऱ्या आजोबांचे ऐकू नये. आपल्याकडे नातवाला पाठीवर उभे करण्याची, उसण भरल्यास पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची, किंवा कुणाकडून मणका ‘कडकन’ मोडून घेण्याची रीत आहे. तरुण हाडाने ते सोसले असेल. ठिसूळ मणका याच झटक्याने चेपू शकतो. हाडांची तपासणी झालेली नसताना साठीनंतर असले प्रयोग कटाक्षाने टाळावेत.

औषधांविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. वृद्धांसाठी पहिली पसंती पॅरासिटामॉलला असते. तेही दिवसाला तीन ग्रॅमच्या मर्यादेत ठेवण्याची साधारण प्रथा आहे, आणि वजन फार कमी असेल किंवा यकृताचा विकार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या व अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, तेव्हा दोन गोळ्या मिळून मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे वेष्टनावर वाचून पाहावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके दुकानातून आणून रोज घेणे वृद्धांसाठी घातक ठरते: जठरात रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, वाढता रक्तदाब हे त्यांचे परिणाम होत. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर हा धोका अधिक. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते आणि रात्री लघवीला उठताना तोल जातो. घटक लिहिलेले नसलेल्या पुड्या तर घेऊच नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड हाडे पोखरते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी पुडी घेतली, तेच दुखणे ती वाढवते.

झोपताना दोन-तीन उशा एकावर एक ठेवल्याने डोके पुढे ढकलले जाते. ज्यांची पाठ सरळ आहे त्यांना एक पातळ उशी पुरते. ज्यांना पोक आहे त्यांचे डोके मात्र अधांतरी राहू देऊ नये. मान आणि गादी यांच्यातली पोकळी भरेल एवढाच आधार द्यावा. उघड्या फळीवर झोपण्याचा आग्रह वृद्धांच्या बाबतीत धरू नये. फार न दबणारी कापसाची गादी पुरेशी असते.

व्यायाम: कोणते करावे, कोणते नकोत

१९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी एका सहकाऱ्यासह हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी १६ टक्के स्त्रियांत नवे मणके दबलेले आढळले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के, तर व्यायामच न करणाऱ्यांत ६७ टक्के होते. गट लहान होते, म्हणून हे आकडे काटेकोर मानू नयेत. परंतु त्यांनी दाखवलेली दिशा आजही मार्गदर्शक मानली जाते. म्हणून हाडे ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सूर्यनमस्कारातील पुढे वाकण्याच्या स्थिती, तसेच वाकून झटक्याने पीळ देणे टाळावे. वर्षानुवर्षे योगासने करणाऱ्यांनी ती सोडण्याची आवश्यकता नाही. आपल्या शिक्षकांना हाडांचा अहवाल दाखवून क्रम बदलून घ्यावा.

पुढील चार व्यायाम बहुतेकांना खुर्चीवर किंवा भिंतीजवळ करता येतात. प्रत्येक व्यायाम सावकाश, श्वास न रोखता, दिवसातून दोनदा करावा.

१. हात नसलेल्या खुर्चीवर ताठ बसून खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे आणावीत, पाच आकडे मोजून सोडावीत. दहा वेळा.

२. समोर पाहत हनुवटी सरळ मागे घ्यावी. मान वर किंवा खाली करू नये. पाच आकडे थांबावे. दहा वेळा.

३. बोटांची टोके कानांमागे ठेवून कोपरे बाहेर उघडावीत आणि छाती फुलवून खोल श्वास घ्यावा. सोडताना कोपरे सैल करावीत. पाच वेळा.

४. भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ टेकवून उभे राहावे व डोके जमेल तेवढेच मागे न्यावे. सुरुवातीला अर्धे मिनिट, पुढे दोन मिनिटांपर्यंत. शेजारी आधारासाठी खुर्ची असावी.

ज्यांना उभे राहता येत नाही, त्यांनी बिछान्यावर उताणे पडून खांदे आणि डोक्याचा मागचा भाग गादीत हलकेच दाबावा आणि सोडावा. हलका ताण जाणवणे योग्य. कळ आली की थांबावे. मणका दबल्याचे निदान झाले असेल, तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांनी सांगितल्याखेरीज काहीही सुरू करू नये.

निदान झाल्यावर

दबलेल्या मणक्याची वेदना बहुधा सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. त्या काळात वेदनाशामके, थोडी विश्रांती आणि काही वेळा पट्टा यांचा आधार घेतला जातो. पट्टा महिनोन्‌महिने बांधून ठेवल्यास पाठीचे स्नायू दुर्बळ होतात. मणक्यात सिमेंट भरण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा होते, परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन नियंत्रित चाचण्यांत खोट्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत तिचा विशेष लाभ दिसून आला नाही. म्हणून तिचा निर्णय निवडक रुग्णांपुरता आणि विचारपूर्वक घ्यावा.

वेदना थांबली म्हणजे उपचार संपले असे नव्हे. पुढचा मणका वाचवणे हाच खरा उपचार. डेक्सा या तपासणीत टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर ठिसूळता निश्चित मानतात. किरकोळ कारणाने मणका मोडला असेल, तर आकडा न पाहताही औषध देतात. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये, चहाही घेऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला इजा होते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेवाटे देण्याचे इंजेक्शन आहे. औषध सुरू करण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्त स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. दही, ताक, नाचणीची भाकरी वा आंबील, डाळी आणि पालेभाज्या यांतून बराच पल्ला गाठता येतो. उरलेली कमतरता गोळीने भरावी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची मात्रा ठरावीक आठवड्यांपुरतीच असते. ती मनाने वर्षभर चालू ठेवल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला अपाय होतो.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

वृद्धाला उठवताना काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नये. आधी त्याला कुशीवर वळवावे, वळवताना खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरतील असे पाहावे. मग पाय पलंगाखाली सोडून, त्याच्या स्वतःच्या हाताच्या आधाराने बसते करावे. वर सरकवायचे असल्यास अंगाखाली आडवी घडी केलेली चादर घालून दोघांनी ती धरावी. आपले गुडघे वाकवावेत, पाठ नव्हे, आणि पलंग शक्य तेवढा आपल्या कमरेच्या उंचीला आणावा. शुश्रूषा करणारी सून, मुलगी किंवा पत्नी स्वतःच पन्नाशी-साठीची असते; तिची पाठ दुखू लागली तर तिलाही वरचे सारे नियम लागू आहेत, हे घरातल्या इतरांनी विसरू नये.

घरात वाकण्याचे प्रसंग कमी करावेत. लांब दांड्याचा झाडू, ओट्यावर सुरी आणि पाट, स्नानासाठी स्टूल, अर्धीच भरलेली बादली, वाचनासाठी टेबलावर उतरते ठेवलेले वर्तमानपत्र, न्हाणीघरात धरायला दांडा आणि रात्री मंद दिवा, एवढ्याने पाठीवरचा ताण आणि पडण्याची शक्यता दोन्ही घटतात.

पुढच्या अंकापर्यंत वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. घरातील साठीपुढच्या प्रत्येकाची उंची अनवाणी, भिंतीला टेकवून मोजावी आणि तारखेसह दैनंदिनीत लिहून ठेवावी. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. आणि औषधांचा डबा उघडून त्यात कोणाच्या सल्ल्यावाचून आलेल्या किती वेदनाशामक गोळ्या आहेत, ते पाहावे. ही उंचीची नोंद आणि ती पाकिटे पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावीत. दहा मिनिटांच्या भेटीत जे सांगायचे राहून जाते, ते त्यांतून त्यांना पुष्कळसे कळेल.